विली चिरिनो आणि मायामीचा साल्सा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साल्सा नाचायला शिकणारे, लॅटिन अमेरिकेतले जुने संगीत आवडीने ऐकणारे आणि क्युबाच्या इतिहासात रस असणारे, अशा तीन तऱ्हेच्या वाचकांकडून विली चिरिनो यांच्याविषयी पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले असून वादाचे आणि अपवादांचे प्रश्न पुढे आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विली चिरिनो कोण आहेत? थोडक्यात सांगाल का?

विली चिरिनो हे क्युबात जन्मलेले आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून अमेरिकेत वाढलेले गायक, गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणांचे निर्माते आहेत. त्यांचा जन्म ५ एप्रिल १९४७ रोजी पिनार देल रिओ प्रांतातल्या कोन्सोलासिओन देल सुर या गावी झाला. हा प्रांत बेटाच्या पश्चिम टोकाला असून तिथल्या तंबाखूचे नाव जगभर आहे. १९६१ मध्ये आई-वडिलांना मागे ठेवून ते फ्लोरिडात आले, १९७४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला आणि १९९१ मध्ये आलेल्या एका गाण्याने (प्रश्न ८) ते क्युबन निर्वासितांच्या घराघरांत पोहोचले. त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी त्या एका गाण्यावरूनच करून दिली जाते. आमच्या मते त्यामुळे त्यांच्यातल्या कसबी नृत्यसंगीतकाराकडे दुर्लक्ष होते, आणि पुढची बरीच उत्तरे त्याच तक्रारीभोवती फिरतात.

२. नावाचा उच्चार कसा करायचा?

‘चिरिनो’ मधला च ‘चिंच’ मधल्या पहिल्या च सारखा आहे, ‘चमचा’ मधला नव्हे. पूर्ण नाव विल्फ्रेदो होसे चिरिनो असे आहे.

३. चौदा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांनी एकट्याने परदेशी कसे पाठवले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा थोडी नाराजीही असते. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता यांची राजवट कोसळून फिदेल कास्त्रो यांच्या क्रांतीचा विजय झाला, आणि पुढच्या दोन वर्षांत खासगी मालमत्ता, वृत्तपत्रे आणि अखेर १९६१ मध्ये खासगी शाळाही सरकारच्या ताब्यात गेल्या. मुलांवरचा आई-वडिलांचा कायदेशीर हक्कच सरकार काढून घेणार आहे, अशी अफवा याच काळात पसरली. घाबरलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी मुलांना निदान काही महिने तरी बाहेर काढण्याचा मार्ग शोधला आणि त्यातून जी योजना उभी राहिली, ती पुढे ‘ऑपरेशन पेद्रो पान’ या नावाने ओळखली गेली. हवानातल्या एका अमेरिकी शाळेचे मुख्याध्यापक जेम्स बेकर आणि मायामीतले कॅथलिक धर्मगुरू ब्रायन वॉल्श हे तिचे दोन मुख्य सूत्रधार होते. अमेरिकी परराष्ट्र खात्याने या मुलांसाठी व्हिसाची अट शिथिल केली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांहून अधिक मुले अशा रीतीने आई-वडिलांशिवाय अमेरिकेत पोहोचली.

हवानाच्या विमानतळावर कागदपत्रे तपासून झाल्यावर प्रवाशांना काचेच्या भिंती असलेल्या एका दालनात बसवत असत. क्युबन लोकांनी त्याचे नाव ‘ला पेसेरा’, म्हणजे माशांची काचपेटी, असे ठेवले होते. आत गेलेले मूल दिसत असे, पण त्याचा आवाज ऐकू येत नसे. पेद्रो पानच्या अनेक मुलांच्या आठवणी या काचेपासूनच सुरू होतात. फ्लोरिडात उतरल्यावर काहींना नातेवाइकांनी घरी नेले, बाकीची मुले मायामीजवळच्या छावण्यांत आणि तिथून निरनिराळ्या राज्यांतल्या अनाथालयांत किंवा अनोळखी कुटुंबांत गेली. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या संकटाच्या वेळी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, थेट विमानसेवा बंद पडल्यामुळे काही महिन्यांची म्हणून झालेली ताटातूट कित्येक घरांत काही वर्षे टिकली. ही सुटका होती की शीतयुद्धातला प्रचाराचा डाव होता, याविषयी हवाना आणि मायामी यांचे आजही एकमत नाही.

चिरिनो यांच्या पत्नी, गायिका लिसेत आल्वारेस, यासुद्धा याच योजनेतून अमेरिकेत आल्या. त्यांचे आई-वडील ओल्गा आणि तोनी ही क्युबातल्या दूरचित्रवाणीवरची गाजलेली जोडी होती.

४. मग त्यांना स्थलांतरित म्हणायचे की निर्वासित?

मायामीतले क्युबन स्वतःला ‘एक्सिलिओ’, म्हणजे हद्दपारीतले, म्हणवतात, आणि त्या शब्दात देशोधडीला लागल्याची भावना जितकी आहे तितकीच परत जाण्याची अपेक्षाही आहे. स्थलांतरित माणूस नव्या गावात घर बांधायला येतो. पहिल्या लाटेतले क्युबन लोक मात्र वाट पाहायला आले होते. नववर्षाच्या मध्यरात्री ‘पुढच्या वर्षी हवानात’ असे म्हणून पेला उंचावण्याची प्रथा त्यांच्यात पडली, आणि ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहिली. चिरिनो यांची गाणी कळायची असतील, तर हा वाट पाहणारा श्रोता डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

५. साल्सा म्हणजे नाच की संगीत? आणि क्युबातले लोक तर ‘असे काही नसतेच’ म्हणतात!

दोन्ही. ‘साल्सा’ चा शब्दशः अर्थ रस्सा किंवा चटणीसारखे तोंडी लावणे असा आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिको, क्युबा आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या वादकांनी जे नृत्यसंगीत घडवले, ते विकण्यासाठी हे नाव रूढ झाले. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी स्थापन केलेल्या फानिया या कंपनीचा त्यात मोठा वाटा होता. त्या संगीताचा सांगाडा मात्र मुख्यतः क्युबाच्या पूर्व भागात जन्मलेल्या ‘सोन’ या प्रकाराचा आहे. म्हणून हवानातला जुना वादक ‘हे तर आमचे सोन’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात तथ्य असते. मात्र न्यूयॉर्कच्या वाद्यमेळाची धार, तिथले ट्रॉम्बोन आणि तिथल्या वस्तीतले विषय त्या जुन्या सोनमध्ये नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

या सगळ्याला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ‘क्लावे’. लाकडाच्या दोन दांड्यांवर वाजणारी ही पाच ठोक्यांची खूण हाताने टाळी देऊन समजून घेता येते. एक ते आठ सारख्या लयीत मोजावे आणि टाळी १ वर, २ आणि ३ यांच्या बरोबर मध्ये, ४ वर, ६ वर आणि ७ वर द्यावी. पहिल्या अर्ध्या भागात तीन टाळ्या पडतात, दुसऱ्या भागात दोन. याच क्रमाला ३-२ म्हणतात आणि अर्धे भाग उलटे केले की २-३ होते. आपल्या तालात सम जशी सगळ्यांना एका जागी आणते, तसे क्लावेमध्ये एक घर नसते. पियानो, बेस, कोंगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल आणि गायक हे सगळे संपूर्ण खुणेशी इमान राखतात. गाण्याच्या उत्तरार्धात ‘मोंतुनो’ येतो. तिथे मुख्य गायक आयत्या वेळी सुचलेल्या ओळी टाकतो आणि कोरस एकच ध्रुवपद धरून उत्तर देतो. बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, तसा तो प्रकार आहे.

६. न्यूयॉर्कचा साल्सा आणि चिरिनो यांचा साल्सा यांत फरक काय?

चिरिनो यांच्या पिढीची क्युबन मुले घरी बेनी मोरे या क्युबन गायकाला ऐकत आणि शाळेतून येताना बीटल्स. मायामीत त्या मुलांनी जे बँड उभे केले, त्यांना लग्नात, पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभात आणि क्लबात एकाच रात्री आजी-आजोबांनाही नाचवायचे होते आणि नातवंडांनाही. त्यामुळे विजेची गिटार, ड्रम संच, पॉप गाण्यासारखी बांधणी आणि खाली कोंगा-बोंगो अशी सरमिसळ झाली, आणि तिला पुढे ‘मायामी साउंड’ म्हणू लागले. ग्लोरिया आणि एमिलिओ एस्तेफान यांचा मायामी साउंड मशीन हा बँड त्यातलाच. न्यूयॉर्कचा साल्सा गल्लीतल्या माणसाची गोष्ट सांगत असे. मायामीच्या गाण्यात सोडून आलेल्या गावाची आठवण आणि नव्या गावातली गंमत एकमेकींना खेटून बसतात.

चिरिनो यांच्या अल्बमांची नावेच पाहावीत. पहिल्याचे नाव ‘वन मॅन अलोन’ असे सरळ इंग्रजी आहे, एकाचे ‘साउथ बीच’, तर एकाचे ‘आसेरे’, म्हणजे क्युबातल्या रस्त्यावर मित्राला मारायची हाक. २०११ मध्ये त्यांनी बीटल्सच्या गाण्यांचा ‘माय बीटल्स हार्ट’ हा संपूर्ण अल्बम काढला. ज्यांना ते केवळ राजकीय गायक वाटतात, त्यांनी तो अवश्य ऐकावा.

७. जिप्सी किंग्जचे ‘सोय’ हे गाणे खरे तर चिरिनो यांचे आहे, हे खरे का?

होय. दक्षिण फ्रान्समधल्या जिप्सी किंग्ज या गटाने १९८९ च्या ‘मोसाइक’ या अल्बममध्ये ते गायले आणि तिथून ते स्पॅनिश न कळणाऱ्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचले. मूळ रचना मात्र चिरिनो यांची आहे. ‘सोय’ म्हणजे ‘मी आहे’. आपण कोण आहोत हे एकामागून एक प्रतिमा मांडून सांगणारे ते गाणे आहे. गीतकार म्हणून चिरिनो यांचा आवाका पाहायचा असेल, तर हे उदाहरण पुरेसे आहे: ज्या गाण्यात क्युबाचे नाव घ्यावे लागत नाही, असे गाणे दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या परंपरेतल्या गायकांना आपलेसे वाटले. गंमत अशी की ‘सोय’ सर्वांना ठाऊक असते आणि ते कोणी लिहिले हे फारच थोड्यांना.

८. ‘या ब्येने येगांदो’ या गाण्यात असे काय आहे?

गाण्याचे पूर्ण नाव ‘नुएस्त्रो दिया (या ब्येने येगांदो)’ असे आहे, म्हणजे ‘आपला दिवस आता येतोच आहे’. १९९१ च्या ‘ओक्सिहेनो’ या अल्बममध्ये ते आहे.

पहिल्या भागात वडिलांनी परदेशी पाठवलेला मुलगा बोलतो. त्याच्याबरोबरच्या सामानाची यादी हा आमच्या मते गाण्याचा गाभा आहे. त्या यादीत कपडेलत्ते नाहीत. त्यात एक रंगीत गुंजनपक्षी आहे, होसे मार्ती यांचे एक पुस्तक आहे, दान्सोन हा जुना क्युबन नृत्यप्रकार आहे, बेनी मोरे आहेत, त्रिओ मातामोरोस हे गायक-वादकांचे त्रिकूट आहे, राजताड हे झाड आहे आणि तोकोरोरो आहे. यातली प्रत्येक वस्तू विचारपूर्वक निवडलेली आहे. मार्ती हे क्युबाचे राष्ट्रकवी. त्यांनी स्वतः आयुष्याचा मोठा भाग हद्दपारीत काढला आणि १८९५ मध्ये स्पेनविरुद्धच्या लढाईत ते मारले गेले. हवानाचे सरकार आणि मायामीचे निर्वासित, दोघेही त्यांना आपले म्हणतात. बेनी मोरे मात्र क्रांतीनंतरही क्युबातच राहिले आणि १९६३ मध्ये तिथेच वारले. तरीही निर्वासिताच्या बोचक्यात ते आहेतच. तोकोरोरो हा राष्ट्रीय पक्षी, आणि त्याच्या पिसांत क्युबाच्या ध्वजाचे लाल, पांढरा आणि निळा हे तिन्ही रंग आहेत.

शेवटच्या भागात ताल चढतो आणि देशांची हजेरी सुरू होते. गायक निकाराग्वा, पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया अशी नावे पुकारतो आणि कोरस प्रत्येक नावाला ‘लिब्रे’, म्हणजे ‘मुक्त’, असे उत्तर देतो. ही पुकार म्हणजे प्रश्न ५ मध्ये सांगितलेला मोंतुनोच होय. नाचासाठी शतकभर वापरलेली रचना चिरिनो यांनी इथे राजकीय यादीसाठी वापरली, आणि म्हणूनच घोषणा असूनही हे गाणे घोषणेसारखे कोरडे वाटत नाही.

९. पण तो दिवस आला कुठे? मग गाणे खोटे ठरले नाही का?

भाकीत म्हणून पाहिले तर खोटे ठरले. १९९१ मध्ये तसे वाटण्याला सबळ कारण होते: नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली होती, फेब्रुवारी १९९० मध्ये निकाराग्वात सत्तेवरचे डावे सांदिनिस्ता निवडणूक हरले होते, आणि ज्याच्या मदतीवर क्युबाची अर्थव्यवस्था तगून होती तो सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला. पुढचा क्रमांक हवानाचा, असे मायामीत जवळजवळ सगळ्यांनीच धरले होते. प्रत्यक्षात क्युबाने टंचाईची भीषण वर्षे काढली, १९९४ मध्ये तीसेक हजार माणसे तराफ्यांवरून समुद्रात उतरली, पण सत्ता तीच राहिली. फिदेल कास्त्रो २०१६ मध्ये वारले आणि त्यानंतरही व्यवस्था बदलली नाही.

तरीही गाणे टिकले, कारण त्यात तारीख नाही. ‘येतोच आहे’ हा क्रियापदाचा काळ मोठा लवचीक आहे. आपल्याकडे पंगतीची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांना यजमान ‘झालेच’ म्हणतो, त्यातलाच. २०२१ मध्ये क्युबातल्या आणि क्युबाबाहेरच्या तरुण कलावंतांनी मिळून ‘पात्रिया इ विदा’, म्हणजे ‘मातृभूमी आणि जीवन’, हे गाणे केले, जुलैमध्ये बेटावर झालेल्या निदर्शनांत तो शब्दप्रयोग घुमला आणि त्याला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट गाण्याचे लॅटिन ग्रॅमीही मिळाले. दोन्ही गाण्यांमधला फरक लक्षात घेण्यासारखा आहे: चिरिनो यांचे गाणे परतीचे स्वप्न पाहते, तर तीस वर्षांनंतरचे गाणे तिथेच राहून जगू द्या असे म्हणते.

१०. गाण्यात तर ते नव्वद मैल समुद्र ओलांडून आल्याचे म्हणतात. पेद्रो पानची मुले विमानाने आली होती ना?

बरोबर पकडलेत. ही मुले नेहमीच्या प्रवासी विमानांनीच येत. गाण्यात मात्र वडील मुलाला खलाशाचा पोशाख घालतात आणि मुलगा जलप्रवास करतो. नव्वद मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर, हे क्युबा आणि फ्लोरिडाचे टोक की वेस्ट यांच्यातले अंतर क्युबन भाषेत केव्हाच परिमाण न राहता प्रतीक होऊन बसले आहे. खलाशाच्या पोशाखातले लहान मूल हे जुन्या काळच्या सणासुदीच्या फोटोतले ओळखीचे चित्र, आणि कवीने तोच पोशाख प्रवासाच्या कामाला लावला. याला चूक म्हणण्यापेक्षा रूपक म्हणणे अधिक योग्य ठरेल. शिवाय होडीतून, तराफ्यातून आलेल्या पुढच्या लाटांनाही त्यामुळे ते गाणे आपले वाटू शकले.

११. क्युबात त्यांच्या गाण्यांवर बंदी आहे का? मग तिथल्या लोकांना ती कशी माहीत?

सरकारी आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांनी उघडपणे विरोध करणाऱ्या निर्वासित कलावंतांना दशकानुदशके दूर ठेवले, आणि चिरिनो त्यांत होते. गाणी पोहोचली ती भेटीला येणाऱ्या नातेवाइकांच्या पिशव्यांतून, एकावरून दुसऱ्यावर उतरवलेल्या कॅसेटांतून आणि मायामीच्या दिशेने वळवलेल्या रेडिओवरून. स्वतः चिरिनो यांनी ही राजवट असेपर्यंत क्युबात गाणार नाही, अशी भूमिका घेतली आहे.

अडवणूक एकाच बाजूने झाली असे मात्र समजू नये. ऑक्टोबर १९९९ मध्ये क्युबात राहणाऱ्या लोस व्हान व्हान या नामवंत वाद्यवृंदाने मायामीत कार्यक्रम केला, तेव्हा सभागृहाबाहेर हजारो निर्वासित निदर्शने करत होते आणि आत जाणाऱ्या श्रोत्यांना शिव्याशाप ऐकत वाट काढावी लागली होती.

१२. केळ्याचे ते विनोदी गाणे धर्माची टिंगल करते का?

हा प्रश्न ‘मिस्टर डोंट टच द बनाना’ या गाण्याविषयी आहे. सान्तेरिया हा क्युबातला धर्मप्रवाह पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा गुलामांनी आणलेल्या दैवतांचा आणि कॅथलिक संतांचा मिळून झालेला आहे. त्यातला चांगो हा मेघगर्जनेचा देव, लाल-पांढऱ्या रंगांचा, सान्ता बार्बारा या संत-स्त्रीशी एकरूप मानलेला. त्याला केळी वाहतात. घरच्या सोहळ्याला आलेला अमेरिकी पाहुणा मांडलेल्या नैवेद्यातल्या केळ्याला हात घालतो आणि घरच्यांची तारांबळ उडते, एवढाच प्रसंग. यजमानांना इंग्रजी धड येत नाही आणि पाहुण्याला स्पॅनिश अजिबात येत नाही, यातून हसू येते. ज्याच्या घरी देव्हाऱ्यासमोरचे पेढे एखाद्या अजाण पाहुण्याने उचलले असतील, त्याला चेष्टा कोणाची चालली आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. आमच्या दृष्टीने हे गाणे ‘या ब्येने येगांदो’ इतकेच निर्वासिताचे गाणे आहे.

१३. सेलिया क्रूस यांच्याशी त्यांचा काही संबंध होता का?

होता. क्युबन गायिका सेलिया क्रूस १९६० मध्ये ला सोनोरा मातान्सेरा या वाद्यवृंदाबरोबर मेक्सिकोला गेल्या त्या कायमच्याच, आणि १९६२ मध्ये आई वारली तेव्हा त्यांना क्युबात येऊ दिले गेले नाही. त्या चिरिनो यांच्या आधीच्या पिढीतल्या आणि मायदेशातच नावारूपाला आलेल्या होत्या. चिरिनो यांची संगीताची कारकीर्द संपूर्णपणे परदेशात घडली. १९९४ च्या ‘इररेपेतिब्ले’ या सेलिया यांच्या अल्बमची निर्मिती चिरिनो यांनी केली आहे.

१४. पुरस्कार कोणते मिळाले?

‘सोन देल आल्मा’ या अल्बमला फेब्रुवारी २००६ मध्ये साल्सा-मेरेंगे विभागातले ग्रॅमी मिळाले. २०१४ मध्ये लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीने त्यांना जीवनगौरव दिला.

१५. स्पॅनिश येत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी ‘सोय’ दोन्ही आवाजांत ऐकावे, जिप्सी किंग्जच्या आणि मग चिरिनो यांच्या. चाल तीच असताना ठेका कसा बदलतो हे शब्दांवाचून कळते. नाचणाऱ्यांनी त्यानंतर ‘सोन देल आल्मा’ घ्यावा आणि प्रश्न ५ मधल्या टाळ्या देत क्लावे शोधावी. पहिल्या खेपेला बहुतेकांची टाळी उलट्या भागावर पडते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘या ब्येने येगांदो’ शेवटी ठेवावे, आणि ते ऐकताना सामानाची यादी (प्रश्न ८) समोर असू द्यावी. देशांची हजेरी सुरू झाली की नावे बोटांवर मोजावीत. क्युबाचे नाव सगळ्यांत शेवटी येते.